पारवा घुमतो, ‘कुजत’ नाही : या चुका टाळा

शाळेचा निबंध असो की दिवाळी अंकाकडे आलेली कविता, त्यात पारवा आला की त्याच्या आवाजाची वाट लागलीच म्हणून समजा.

सगळ्यात महागात पडते ती उकाराची चूक. शब्द आहे ‘कूजन’. पहिला उकार दीर्घ, मूळ संस्कृत ‘कूज्’ धातू. ‘कुजन’ लिहिलंत की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कुजलेले कांदे येतात आणि संस्कृत जाणणाऱ्याला तो ‘वाईट माणूस’ वाटतो. नाशिकमधल्या एका कार्यक्रमाच्या फ्लेक्सवर ‘पारव्यांच्या कुजनाने प्रसन्न पहाट’ असं हातभर अक्षरांत झळकलं होतं. मोबाइलने सुचवलेला पहिला शब्द दाबायचा आणि मजकूर परस्पर छपाईला पाठवायचा, दुसरं काय होणार? मुळात कूजन कोणत्याही पक्ष्याच्या गोड आवाजाला चालतं, ते एकट्या पारव्याचं नव्हे. त्यामुळे पारव्याच्या वाक्यातलं कूजन मी सरळ खोडतो आणि ‘घुमणं’ लिहितो.

घुमणंच का? पारवा आणि त्याच्याच कुळातला होला चोच मिटून, गळा फुगवून आवाज काढतात. म्हणून तो चिमणीसारखा टोकदार येत नाही, आतल्या आत दबलेला, खोल येतो. इथे कर्ता पक्षीच ठेवायचा : ‘पंचवटीतल्या जुन्या वाड्याच्या वळचणीला पारवे घुमताहेत.’ ‘पारव्यांचा आवाज घुमला’ म्हटलं की अर्थ सरकतो. तो आवाज सभामंडपात दुमदुमला असं होतं. अंगात आल्यावरचं घुमणं आणखी निराळं. नुसतं ‘ती पहाटे घुमू लागली’ लिहून ‘ती’ म्हणजे कवडी पक्षीण हे ओळखणं वाचकावर सोडू नका, लोक अंगारा शोधतील.

किलबिल चिमण्यापाखरांची, पारव्याला लावू नये.

‘गुटर्गू’ आवाजाची नक्कल म्हणून झकास. पण कोपऱ्यात बसलेल्या जोडप्याची थट्टाही याच शब्दाने होते, तेव्हा गंभीर वर्णनात जपून.

हरियल, आपला राज्यपक्षी, कबुतराच्याच कुळातला. म्हणून त्यालाही घुमवणारे हुशार भेटतात. त्याचा आवाज ऐकायची तसदी कुणी घेत नाही. हरियल शीळ घातल्यासारखा बोलतो.

आणि नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यातल्या सहलीचं वर्णन लिहिणाऱ्यांनो, बदकांचा कलकलाट असतो. त्यांना तरी कूजन करायला लावू नका.