ई४ ला उत्तर काय द्यावं: फ्रेंच की कॅरो-कान?

सांगलीत नूतन बुद्धिबळ मंडळाच्या उन्हाळी स्पर्धांची तयारी करणाऱ्या खेळाडूने काळ्या मोहऱ्यांसाठी फ्रेंच किंवा कॅरो-कान यांपैकी एकच बचाव, म्हणजे पांढऱ्याच्या ई४ या पहिल्या खेळीला द्यायची ठरलेली उत्तरं, पक्का करावा. दोन्ही अर्धे-अर्धे येत असतील तर पाचव्या-सहाव्या खेळीलाच विचारात घड्याळातला वेळ जायला लागतो.

पांढऱ्याने राजापुढचं प्यादं ई४ ला, मग वजिरापुढचं डी४ ला नेलं की दोन्ही बचावांत काळा डी५ वर प्यादं आणतो. फ्रेंचमध्ये त्याला आधार ई६ चा, कॅरो-कानमध्ये सी६ चा. ई६ केलं की सी८ चा उंट स्वतःच्याच प्याद्यामागे कोंडतो. सी६ केलं तर उंटाची वाट मोकळी राहते, पण पुढे सी५ करायचं म्हटलं की तेच प्यादं दुसऱ्यांदा हलवावं लागतं आणि एक खेळी जाते. कोंडलेला उंट चालेल की गेलेली खेळी, हे आधी ठरवा. बाकीचं सगळं त्यातूनच येतं.

याची खरी परीक्षा पांढऱ्याच्या तिसऱ्या खेळीला, ई५ ला होते. दोन्ही स्थिती पटावर मांडून बघा.

फ्रेंचमध्ये लगेच सी५. मग पांढऱ्याच्या सी३ ला उत्तर घोडा सी६, त्याच्या घोडा एफ३ ला उत्तर वजीर बी६. राजाकडचा घोडा ई७ किंवा एच६ वरून एफ५ ला न्यायचा. सगळा रोख डी४ च्या प्याद्यावर. इथे हमखास होणारी चूक अशी: पांढरा उंट डी३ करतो, डी४ वर प्याद्यांची मारामारी होते आणि ते प्यादं फुकट पडल्यासारखं दिसतं. घोड्याने घेतलंत तर पांढरा घोडा तुमचा घोडा मारतो, तुमचा वजीर त्याला मारतो आणि पांढऱ्याचा उंट बी५ ला शह देऊन बाजूला होतो. डी१ च्या वजिराची वाट उघडते आणि तुमचा वजीर जातो. म्हणून आधी उंट डी७. बी५ चा शह बंद झाला की डी४ वरची धमकी खरी होते.

फ्रेंचमधला दुसरा धोका राजाचा. ई५ च्या प्याद्यामुळे तुमचा घोडा एफ६ वर थांबू शकत नाही, त्यामुळे एच७ ला राखण उरत नाही. पांढऱ्याचा उंट डी३ वर, घोडा एफ३ वर आणि वजिराला एच५ ला यायची वाट असेल, तर घाईने कॅसलिंग (राजाची किल्लेबंदी) करू नका. एच७ वर उंटाचा बळी, मग जी५ ला घोडा, मग वजीर. या क्रमाने कितीतरी डाव पंचवीस खेळ्यांच्या आत संपतात.

कॅरो-कानमध्ये पांढऱ्याच्या ई५ ला उत्तर उंट एफ५, नंतर ई६, मग सी५. उंट प्याद्यांच्या साखळीबाहेर पडल्यावरच ई६ करायचं, हा क्रम चुकवू नका. पण पांढऱ्याने चौथ्या खेळीला एच४ केलं तर ई६ लगेच करू नका. जी४, उंट ई४, एफ३, उंट जी६, एच५ असा उंट पकडला जातो. त्याआधी तुम्हीच एच५ खेळून जी४ ला आळा घाला. १९६१ च्या जगज्जेतेपदाच्या परतीच्या सामन्यात जगज्जेत्या तालने बोटविनिकविरुद्ध ही एच४ खेळली होती. बोटविनिकने तिथे एच६ करून जी४ नंतर उंट डी७ ला परत नेला. तोही मार्ग चालतो, पण नवख्याला एच५ सोपं.

तिसऱ्या खेळीला घोडा सी३ आला तर कॅरो-कानवाल्याने ई४ वर मारून, पांढऱ्या घोड्याने परत मारल्यावर उंट एफ५ करावा. घोडा जी३, उंट जी६, पांढऱ्याच्या एच४ ला उत्तर एच६. इथे एच६ विसरलात की पांढऱ्याच्या एच५ ने उंट गेला. उंटाऐवजी घोडा डी७ खेळत असाल आणि पांढऱ्याने वजीर ई२ केला, तर दुसरा घोडा एफ६ ला काढू नका. घोडा डी६ ने मात होते, कारण ई७ चं प्यादं राजापुढे बांधलेलं असतं.

याच घोडा सी३ ला फ्रेंचवाल्याला अभ्यास जास्त. उंट बी४ च्या फांद्या फार पसरलेल्या आहेत. रोज अर्धा तासच मिळत असेल तर ई४ वर मारायचा साधा मार्ग धरा. पांढऱ्याने डी५ वर मारामारी केली तर फ्रेंचमध्ये पट सारखा होतो आणि कोंडलेला उंट आपोआप सुटतो; जिंकायचंच असलेल्या डावात मात्र ही बरोबरी जाचते.

निवड करताना दोन्ही बचावांचे दहा-दहा डाव खेळा, प्रत्येकाला पंधरा मिनिटं आणि दर खेळीला दहा सेकंद जादा. निकाल बघू नका. पंधराव्या खेळीची स्थिती वहीत उतरवा: सी८ चा उंट कुठे आहे, सी५ झालं का, घड्याळात कोण पुढे. अडचणीच्या जागेत चिडचिड होत असेल तर कॅरो-कानच घ्या. मध्य फोडायला आवडत असेल आणि पंधरा खेळ्या दम धरता येत असेल, तर फ्रेंचमध्ये जास्त मजा आहे.

पांढऱ्याने पहिलीच खेळी डी४ केली तर काय, याचाही विचार याच वेळी करा. कॅरो-कानवाल्याला सी६-डी५ चा स्लाव्ह बचाव जवळचा पडतो, त्यातही उंट बहुधा बाहेर पडतो. फ्रेंचवाल्याने ई६-डी५ घ्यावं. तिथे उंटाचं दुखणं ओळखीचंच असतं, आणि डी४ ई६ नंतर पांढऱ्याने ई४ केलं तर डी५ खेळून तुम्ही पुन्हा फ्रेंचमध्येच.