लिस्बनमधला मास्टर्सचा आठवडा कसा लावायचा
फोंड्याहून लिस्बनला मास्टर्सला येताय ना, मग टाइमटेबल हातात आलं की एक मोकळा वार आधीच लिस्बनजवळच्या सिंत्रा गावासाठी धरून ठेवा. रोसियू स्टेशनवरून लोकल सुटते, साधारण 40 मिनिटं, सकाळी लवकरचीच पकडा कारण तिथल्या डोंगरावरच्या पेना पॅलेसच्या तिकिटावर आत जायची वेळ ठरलेली असते आणि वर नेणाऱ्या 434 नंबरच्या बसला हीऽ मोठी रांग. जॅकेट घ्याच, खाली ऊन असलं तरी वर धुकं, अगदी आंबोलीसारखं. लेक्चरचं वाचन आदल्या रात्री उरका. घरी फोन जेवणाच्या सुट्टीत करा, उन्हाळ्यात इथे दुपारचा 1 म्हणजे गोव्यात साडेपाच, आई चहा घेऊन बसलेली असते. आणि बेकरीत बिनधास्त ‘पांव’ मागा, कळतं त्यांना, मला तर तिथेच पहिल्यांदा घरचं वाटलं.