आदिवासी रुग्णनिवास बांधताना या चुका टाळा

भामरागड-एटापल्लीकडून किंवा मेळघाटातून उपचारासाठी येणाऱ्या रुग्णांकरिता निवास बांधायचे ठरले, की पहिली चर्चा भिंतीवरच्या चित्रांची होते आणि बहुधा वारली चित्रांवर एकमत होते. वारली समाज पालघर-ठाण्याकडचा. भामरागडकडच्या माडिया गोंड किंवा मेळघाटातल्या कोरकू माणसाचा त्या चित्रांशी काय संबंध? रंगाचे पैसे चुलींसाठी राखून ठेवावेत.

कारण घोडे अडते ते चुलीपाशी आणि माणसे मोजण्यापाशी. विदर्भातल्याच एका नव्या निवासात चकचकीत टाईल्स होत्या, लोखंडी खाटा होत्या, कुपनावर जेवण होते आणि दारावर ‘एका रुग्णासोबत एकच नातेवाईक’ अशी पाटी होती. बाळंतपणासाठी आलेल्या एका माडिया बाईसोबत नवरा, सासू, दीर आणि थोरले मूल आले होते. चौकीदाराने नियमावर बोट ठेवले, तेव्हा सगळे कुटुंबच आवारातल्या कडुनिंबाखाली गेले, तीन दगड मांडून सासूने भात शिजवला आणि तिथेच मुक्काम पडला. पहाटे कळा सुरू झाल्या तेव्हा सिस्टर तिला खोल्यांमध्ये शोधत होती. ‘या लोकांना सोयीची किंमतच नाही,’ असा शेरा व्यवस्थापकांनी नंतर मारला. एकट्या सासूला आत घेतले असते तर बाकीच्यांनी रात्री कुठे जायचे होते, हे मात्र त्यांनी सांगितले नाही.

वास्तविक हा धडा गडचिरोलीत फार पूर्वीच मिळालेला आहे. मोठ्या इमारतीची आणि पांढऱ्या कपड्यांची भीती वाटते, नातेवाइकांना सोबत राहू देत नाहीत, असे लोकांनीच सांगितल्यावर ‘सर्च’ या आरोग्यसंस्थेने शोधग्राम या आपल्या आवारात झोपड्यांच्या धर्तीवर दवाखाना उभारला आणि त्याला माँ दंतेश्वरी या आदिवासींच्या देवीचे नाव दिले. ज्यांना उद्घाटनाची तारीख आधी हवी असते, ते यातली फक्त झोपडी उचलतात आणि सिमेंटच्या खांबाला बांबू चिकटवून मोकळे होतात.

माझा शिरस्ता असा, की आराखड्याआधी तिकडच्याच एखाद्या म्हातारीला रिकाम्या जागेवर न्यावे, झोपणार कुठे आणि रांधणार कुठे हे तिला विचारावे आणि ती दाखवील तिथेच चुना टाकावा. साधारणपणे जमिनीवर ओळीने झोपता येईल अशी मोठी ओसरी, वाऱ्याच्या आडोशाला चुलींची शेड, सरपणाला कोरडी जागा आणि शिधा एवढे लागते.

गोंडी जाणणारा एक माणूस नेमला म्हणजे मेळघाटचेही भागले, असे समजू नये. गोंडी द्रविड कुळातली आणि कोरकू मुंडा कुळातली भाषा आहे. पाळीच्या दिवसांत वेगळे राहण्याची रीत काही माडिया गावांत आहे, तेव्हा आडोशाची स्वच्छ खोली उपलब्ध ठेवावी, पण तिथे राहण्याची सक्ती कोणावरही करू नये. आधार कार्डाशिवाय दार न उघडणाऱ्या कारकुनाला दुसरे काम द्यावे. दवाखान्यातून सुट्टी दुपारनंतर झाली तर गावाकडची शेवटची एस.टी. बहुधा गेलेली असते, म्हणून त्या रात्रीचा मुक्काम अर्जविनंतीवर न सोडता नियमातच धरावा.