ऑपरेशनच्या आधी: भूलतज्ज्ञांना काय सांगाल, पोट किती वेळ रिकामं ठेवाल

ऑपरेशनची तारीख मिळाली की घरात पैशांची आणि डब्याची धावपळ सुरू होते. त्याआधी एक पिशवी घ्या आणि पेशंट घेतो ते प्रत्येक औषध तिच्यात टाका. बीपी-शुगरच्या गोळ्या, रक्त पातळ करणारी गोळी, गुडघेदुखीची पुडी, वैदूचं चूर्णसुद्धा. जुन्या रिपोर्टांसह ती भूलतज्ज्ञांना दाखवा, आणि तेही आठवडाभर आधी. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या शुगरच्या गोळ्या साधारण 3 दिवस आधी थांबवतात. नाहीतर उपाशीपोटी शुगर फारशी वाढलेली नसतानाही रक्तातलं आम्ल वाढू शकतं. क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ करणारी गोळी बहुधा 5 दिवस आधी बंद करतात, पण हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट (ती उघडी ठेवणारी जाळी) असेल तर हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय ती थांबवणं जिवावर बेतू शकतं. मेटोप्रोलॉलसारखी बीपी-हृदयाची गोळी मात्र सहसा चालूच ठेवतात. कुठलीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.

धडगाव-अक्कलकुव्यापासून शिरपूर-चोपड्याच्या सातपुडा पट्ट्यापर्यंत सिकलसेल हा आई-वडिलांकडून येणारा रक्ताचा आजार आढळतो. घरात कुणाला असेल तर पेशंटची तपासणी करूनच या. शरीरात पाणी कमी पडलं, थंडी वाजली किंवा ऑक्सिजन उतरला की या आजारात तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात आणि रक्तवाहिन्या अडवतात. आधी कळलं तर डॉक्टर तशी तयारी ठेवतात.

गुटखा, तंबाखू, मशेरी लपवू नका. तोंडात स्वतःची तीन बोटं उभी मावत नसतील तर तेही सांगा, कारण श्वासाची नळी घालणं अवघड होतं. बिडी-सिगारेट 4 आठवडे आधी सुटली तर उत्तमच. हलणारा दात, कवळी, आधीच्या भुलेचा त्रास हेही सांगायचंच.

आता पोट. भूल दिल्यावर पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं, म्हणून उपाशी ठेवतात. शेवभाजी, भरीत-पुरी, मटण असं तेलकट-जड खाणं किमान 8 तास आधी संपवा, हलकं जेवण 6 तास आधी. दुधाचा चहा जेवणातच मोजतात. सकाळी दिलेल्या ‘घोटभर चहा’मुळे ऑपरेशन पुढे जातं, आणि ते योग्यच असतं. साधं पाणी सहसा 2 तास आधीपर्यंत चालतं. मे महिन्यात जळगावात रात्रभर पाण्यावाचून राहिलेला पेशंट कोरडा पडतो, सलाईनसाठी शीर सापडत नाही. म्हणून ‘पाणी किती वाजेपर्यंत?’ हे विचारून कागदावर लिहून घ्या.

आदल्या रात्री आणि सकाळी साबणाने अंघोळ करा. ऑपरेशनच्या जागेचे केस घरी वस्तऱ्याने काढू नका, बारीक जखमांतून जंतू शिरतात. नेलपॉलिश पुसा; बांगड्या, जोडवी, मंगळसूत्र घरीच ठेवा. सरकारी आरोग्य योजनेतून ऑपरेशन असेल तर आधार आणि रेशनकार्डावरचं नाव जुळतं का, हे आधीच पाहा.

ताप, खोकला, जुलाब किंवा त्या जागी फोड आला तर निघण्याआधी दवाखान्यात फोन करा.