साचा ओतण्याआधी: गंधक, सिलिकोन आणि वाटीतली चाचणी

मातीच्या मूर्तीवर सिलिकोन रबर ओतून साचा करायचा आणि त्यात रेझिनच्या प्रती काढायच्या, तर सिलिकोनच्या डब्याला हात लावण्याआधी एक वाटी घ्या. मूर्ती ज्या मातीत केली आहे त्याच मातीचा लिंबाएवढा गोळा तळाशी दाबा. मूर्तीवर जे सीलर (पृष्ठभाग बंद करणारा लेप) आणि जे रिलीज (साचा चिकटू नये म्हणूनचा लेप) मारणार, तेच त्या गोळ्यावर मारा. वर वीस-तीस ग्रॅम सिलिकोन कालवून ओता, डब्यावर लिहिलेला पूर्ण वेळ थांबा आणि सोलून बघा. मातीला लागलेली बाजू कोरडी सुटली तरच पुढचं वाचा.

मी ही वाटी केली नव्हती. दीड महिना खपून आजोबांचा अर्धपुतळा प्लॅस्टिसिनमध्ये, म्हणजे न वाळणाऱ्या तेलकट मातीत, केला आणि त्यावर थेट तीन किलो प्लॅटिनम सिलिकोन ओतलं. दुसऱ्या दिवशी वरून रबर छान घट्ट. सोलायला घेतलं तर आतला थर काकवीसारखा चिकट, मिशीच्या रेषांत आणि डोळ्यांच्या कोपऱ्यांत भरून बसलेला. थिनरच्या बोळ्याने पुसता पुसता नाकाचा शेंडा आणि डावी भुवई गेली. ती भुवई मला पुन्हा तशी साधली नाही.

प्लॅस्टिसिनमध्ये पुष्कळदा गंधक असतं, आणि ज्या प्लॅटिनमच्या जोरावर हे सिलिकोन सेट होतं त्यालाच गंधक निकामी करतं. पाकिटावर गंधक नाही असं स्पष्ट छापलेलं नसेल तर आहे असंच धरा. शेलॅकचे (लाखेच्या पॉलिशचे) दोन हात मारले की भागतं असं कोणी सांगेल. कधी भागतं, कधी नाही, म्हणून वाटी. लेटेक्सचे हातमोजेही हाच घोटाळा करतात, नायट्राइलचे घ्या. टिन सिलिकोनला (प्लॅटिनमऐवजी टिनच्या जोरावर सेट होणाऱ्या सिलिकोनला) वापरलेला ब्रश आणि रेझिनचा थ्रीडी प्रिंट, दोन्हींपासून जपा.

मग टिन सिलिकोनच का नको? गंधकाच्या मातीवर ते चालतं, स्वस्तही आहे. पण ते हळूहळू आकसतं आणि काही वर्षांत साचा फाटायला लागतो. पाच-दहा प्रती काढून थांबायचं असेल तर टिन पुरे. माप तंतोतंत हवं असेल किंवा साचा वर्षानुवर्षं ठेवायचा असेल तर प्लॅटिनम. टिनचा हार्डनर वजनाने घ्या, डब्यावर जितके टक्के लिहिलेत तितकाच. लवकर सेट व्हावं म्हणून जास्त ओतलात तर रबर कमकुवत होतं. डिजिटल काटा हवाच, अंदाजपंचे चालणार नाही.

रबराचा मऊपणा शोअर ए या मापात मोजतात, आकडा लहान तितकं रबर मऊ. कानामागे, हनुवटीखाली खोल खाचा असतील तर 15 ते 20, सपाट उठावशिल्पाला 30 चालतं. कडक रबर खाचेतून ओढलं की प्रतीचा कान हातात येतो. पहिला हात ब्रशने पातळ द्या, बाकीचं एका कोपऱ्यातून उंचावरून बारीक धारेने ओता, बुडबुडे कमी राहतात. साचा दोन भागांचा असेल तर मधल्या कडेला व्हॅसलीन चोळा, कारण सिलिकोन सिलिकोनलाच चिकटतं. बाहेरून काथ्या घातलेलं पीओपीचं कवच. कागद, ॲप्रन, चिंध्या सांगायला नकोत.

आता साच्यात प्रत ओतायचं रेझिन, आणि इथे जिवाचा प्रश्न आहे. पॉलिस्टर रेझिन घेतलंत तर कोबाल्ट (सेट होण्याला वेग देणारं द्रव) आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, स्फोट होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, हार्डनर त्यानंतर. दोघांना वेगळे चमचे आणि दोन बाटल्या दोन फळ्यांवर. घरात लहान मूल असेल तर हे काम घरात करूच नका. पॉलिस्टर स्वस्त आहे, संगमरवराची पूड घातली तर दगडासारखं वजन येतं, पण वास डोक्यात जातो, ते आकसतं आणि साच्याचं आयुष्य खातं. पॉलियुरेथेन काही मिनिटांत सेट होतं, पण दमट हवेला फेसाळतं. कोकणात जुलैमध्ये त्याच्या नादी लागू नका, आणि उघडलेला डबा लगेच घट्ट बंद करा. एपॉक्सी निवांत, पण एकदम जाड ओतलंत तर तापतं, धूर निघतो. थरांत ओता.

रेझिनचीही वाटी करा. हो, पुन्हा वाटी. त्याच सिलिकोनच्या तुकड्यावर थोडं ओतून बघा.

बाकी थोडक्यात. टिनचा नवा साचा दिवसभर उघडा ठेवा. आत टाल्कम भुरभुरवून झटका. आधी रेझिनचा पातळ थर फिरवा, मग भरा. गरम असताना काढू नका. साचा रिकामा ठेवला तर वेडावाकडा बसतो, आत एक प्रत राहू द्या.

आणि मातीचं पाकीट नवं आणलंत, दुकान तेच असलं तरी, वाटी पुन्हा.