सिगारेट सुटली, मेडिकलवाल्या ताईंमुळे

सिडकोतल्या आमच्या नेहमीच्या मेडिकलमध्ये निकोटिनचं च्युइंगम मागितलं, तर फार्मासिस्ट ताईंनी डबी देण्याआधीच विचारलं, "दादा, उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळात लागते?" अर्ध्या तासाच्या आत ओढणाऱ्याला सहसा ४ मिलिग्रॅम लागतं, नंतर ओढणाऱ्याला २ पुरतं. मला २ चं दिलं. बीपीच्या गोळ्या, हृदयाचा त्रास, हेही विचारून घेतलं.

खरी गोम चघळण्यात आहे. हळूहळू चावायचं, तोंडात तिखटसर चुरचुर आली की थांबायचं आणि गाल व हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवायचं. चुरचुर गेली की पुन्हा चावायचं. साधारण अर्धा तास. निकोटिन तोंडाच्या आतूनच रक्तात जातं. भराभर चावून रस गिळला की उचक्या आणि मळमळ.

गम घेण्याआधी 15 मिनिटं आणि तोंडात असताना चहा-कॉफी, लिंबू सरबत नको, नाहीतर निकोटिन नीट शोषलंच जात नाही. माझी अडचण इथेच होती. सातपूरला शिफ्ट सुटली की गेटवर चहा आणि सोबत सिगारेट. ताई म्हणाल्या, चहा घरी जाऊन प्या, गेटवर गम. हे मात्र फार उपयोगी पडलं!

साधारण 12 आठवड्यांत गम कमी करत बंद करायचं असतं. तलफ अनावर झाली तर तंबाखू सोडायला मदत करणारी सरकारी हेल्पलाइन, म्हणजे क्विटलाइन आहे, 1800-11-2356, फोन मोफत. ताईंशी बोलायचं असेल तर दुपारी जा, संध्याकाळी काउंटरवर फार गर्दी असते.