जुनी बोर्दो उघडताय? या चुका टाळा

फ्रान्समधल्या बोर्दो प्रांताची पंचवीस-तीस वर्षं जुनी लाल वाइन हाती लागली की बहुतेक जण ती उघडायची घाई करतात. उघडल्यावर मात्र ‘आता जरा हवा लागू दे’ म्हणत तासभर तशीच ठेवून देतात. करायला हवं ते नेमकं याच्या उलट. माझी बोर्दोतल्या पोइयाक गावची १९८९ सालची बाटली अशीच वाया गेली. कपाटातून काढली, थेट टेबलावर आणली आणि उघडली. पहिले दोन पेले छान होते, शेवटचे दोन गढूळ आणि खरखरीत.

तो खरखरीतपणा गाळाचा. वाइनला तुरटपणा देणारं टॅनिन आणि रंगद्रव्यं वर्षानुवर्षं एकमेकांना चिकटत जड होतात आणि खाली बसतात. जुनी बोर्दो मऊ लागते, फिकी दिसते ती त्यामुळेच. बाटली आडवी ठेवलेली असते, म्हणून गाळ तिच्या एका अंगाला धरलेला असतो आणि जरा हिसका बसला की सगळा वर येतो. बाटली उघडण्याआधी निदान दोन दिवस उभी ठेवा. परदेशातून सामानातून आणली असेल तर आधी दोन-तीन आठवडे तिला हातच लावू नका.

बुचाशी झटापट करू नका. तीस वर्षांचं बूच भिजून भुसभुशीत झालेलं असतं, साध्या स्क्रूने त्याचा भुगा होतो. दोन पातळ पात्यांचं, स्क्रू नसलेलं उपकरण मिळतं. ती पाती बूच आणि काच यांच्या फटीत डावी-उजवी डोलवत सरकवायची आणि फिरवत फिरवत वर ओढायची. तरीही बूच आत पडलंच तर घाबरू नका, वाइन बिघडत नाही. साबणाचा वास नसलेल्या स्वच्छ मलमलीतून गाळून घ्या.

डिकँटरमध्ये, म्हणजे वाइन ओतून घ्यायच्या काचेच्या सुरईत, ओतताना बाटलीच्या मानेखाली टॉर्च धरा आणि न थांबता, एका धारेत ओता. मानेपाशी काळसर रेघ दिसली की हात थांबवा. तळाची दोन बोटं वाइन जाते, जाऊ द्या. हे ओतणं फक्त गाळ वेगळा करण्यासाठी आहे. २०१०च्या तगड्या बोर्दोला दोन-तीन तास हवा मानवते. १९७०च्या आसपासच्या बाटलीचा सुगंध मात्र कधी कधी अर्ध्या तासातच विरतो, म्हणून ती ओतल्याबरोबर प्यायला घ्या.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे पहिल्या वासावर निकाल देणं. बूच काढताच बंद खोलीसारखा वास येऊ शकतो. पेल्यात दहा-पंधरा मिनिटांत तो बहुधा निघून जातो. ओल्या पुठ्ठ्याचा कुबट वास येत असेल आणि तो वाढतच चालला असेल, तर दोष बुचातून आलेल्या टीसीए या संयुगाचा आहे. त्यावर खात्रीचा घरगुती इलाज नाही. अपाय होत नाही, पण मजाही उरत नाही.

‘रूम टेंपरेचर’ म्हणजे मे महिन्यातल्या पुण्याचं तापमान नव्हे. १६ ते १८ अंश हवेत. त्याहून गरम झाली की नाकाला फक्त अल्कोहोल जाणवतं. साठवण १२-१४ अंशांत, अंधारात हवी. मुंबईच्या फ्लॅटमधल्या कपाटात दोन-तीन उन्हाळे काढलेली बाटली शिजवलेल्या मनुकांसारखी लागते. विकत घेताना पातळी पाहा. तीस वर्षांत वाइन थोडी उतरतेच, पण बाटलीच्या खांद्याच्याही खाली गेली असेल तर बूच झिरपलं असण्याची शक्यता मोठी. त्यावेळी १८५५ साली केलेल्या बोर्दोच्या प्रतवारीतलं मोठं नाव कामाला येत नाही. ती यादी शातोंची, म्हणजे वाइन बनवणाऱ्या मळ्यांची आहे, तुमच्या हातातल्या बाटलीची नाही. एकाच पेटीतल्या दोन बाटल्याही वेगळ्या निघतात.

आणि पेल्यात काळ्या द्राक्षांचा रसरशीतपणा शोधू नका. कडेला विटकरी झाक दिसली तर तो बिघाड नव्हे, वय आहे. पेला एक तृतीयांशच भरा, हलकेच फिरवा. काबर्ने जातीची द्राक्षं जास्त असलेल्या, बोर्दोतल्याच मेदोक भागातल्या वाइनमध्ये देवदाराचं लाकूड, तंबाखूची सुकी पानं, शिसपेन्सिल तासताना येणारा वास सापडतो. मर्लो द्राक्षांच्या, पोमरोल भागातल्या वाइनमध्ये ओली माती आणि आळंबी अधिक. सोबत मीठ लावून भाजलेलं साधं मटण ठेवा. झणझणीत रश्शापुढे हे काहीच कळणार नाही आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण या सुगंधासाठीच तर इतकी वर्षं थांबायचं असतं.

पेला संपल्यावर लगेच विसळू नका. पाच-दहा मिनिटांनी रिकाम्या पेल्यात नाक घालून पाहा. देवदार आणि तंबाखू तिथे पुन्हा भेटतात, कधी कधी आधीपेक्षा स्पष्ट.